आईच्या तोंडातलं वाक्य

माझी आई संबलपूरकडची. बाबा तिकडे धरणाच्या कामावर ओव्हरसियर म्हणून गेले होते, आणि परत वर्ध्याला आले ते आईला लग्न करून घेऊन. हे कसं जमलं, कोण रुसलं, कोण नाही, ते दोघांनीही मला कधी नीट सांगितलं नाही, म्हणून मीही इथे सांगत बसत नाही. मला आठवतं ते रामनगरातलं आमचं घर. खाली तीन खोल्या, गच्चीवर एक खोली आणि मागे पेरूचं झाड. दिवसभर स्टेशनकडून मालगाडीचे डबे एकमेकांना जोडल्याचा धडाड आवाज यायचा, आणि सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातून आत्याच्या भाकरीची थपथप. ही आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली, आणि घर तिच्याच हुकमानं चालायचं. आईला भाकरी थापता यायची नाही. तिची कडेला फाटायची, तव्यावर टाकताना मोडायची. आई भात करायची. रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांचं आटोपल्यावर कांदा, हिरवी मिरची आणि तळलेली वडी घेऊन एकटीच खायची. त्याला ती पखाळ म्हणायची. आत्या म्हणायची, "वर्ध्याले येऊन इतकी वर्सं झाली, पन हिचा शिळा भात काई सुटत नाई."

मी बोलायला लागले तेव्हा म्हणे 'बोउ, पाणि दे' असं बोलायचे. बोउ म्हणजे आई. आत्यानं बाबांना बजावलं, "पोट्टी तोतरी होईन. शाळेत पोरं हासतीन. तिच्या मायले सांग, लेकरासंगं आपली भाषा बोल म्हना." बाबांनी सांगितलं आणि आईनं ऐकलं. त्यानंतर माझ्याशी ती मराठीच बोलली, आणि ते मराठी तिला कधी धड आलं नाही. 'बाबा आली', माझ्याबद्दल 'रंजू शाळेतून आला' असं ती म्हणायची आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मलाही ऐकून ऐकून त्यात काही वाटेनासं झालं होतं. आपली आई अशीच बोलते, एवढंच. तिच्या पोटात दुसरी एक अख्खी भाषा आहे आणि ती तिथे वर्षानुवर्षं कोणाशी न बोलता पडून आहे, असा विचार त्या वयात कोण करतो?

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा गच्चीवरची खोली भाड्यानं द्यायचं ठरलं. एका दुपारी बाबांच्या ओळखीचे एक हिंदीचे प्राध्यापक एका उंच, गोऱ्या, पिकल्या केसांच्या बाईला घेऊन आले. ती चेकोस्लोव्हाकियातून आली होती, हिंदीवर काही काम करायला. नाव व्लास्ता. आत्यानं ते दोनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. "वसंता म्हनतो मी," ती म्हणाली, आणि मग सगळी गल्ली तिला वसंताबाईच म्हणू लागली. खोली बघून ती खाली आली तेव्हा आई मागच्या अंगणात शेजाऱ्यांच्या वासराला भाताची पेज दाखवत 'आस रे, आस' म्हणून बोलावत होती. वासरू काही मराठी नव्हतं आणि ओडियाही नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी बोलायला आईला मनाई नव्हती. वसंताबाई दारात थांबली. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि सावकाश, पुस्तकातल्यासारखं विचारलं, "आपणंक घर केउंठि?"

तुमचं घर कुठे आहे, एवढंच ते होतं. आईच्या हातातलं भांडं खाली पडलं नाही की ती रडली नाही. ती नुसती बघत राहिली. मग तिनं असं भराभर बोलायला सुरुवात केली की वसंताबाईला दोन्ही हात वर करून थांबवावं लागलं. मी आईचा तो आवाज तोपर्यंत ऐकलाच नव्हता. मराठी बोलताना आईचा आवाज दबका, कुठल्याही क्षणी मागे फिरायला तयार असा असायचा. हा आवाज खालच्या पट्टीतला आणि मोकळा होता, त्यात चेष्टा होती. माझी आई विनोदी बाई आहे हे मला त्या दिवशी कळलं.

वसंताबाई तरुणपणी प्राहामध्ये, म्हणजे आपल्या प्रागमध्ये, एका म्हाताऱ्या प्राध्यापकाकडे ओडिया शिकली होती. ओडिया आणि चेक या दोन भाषा शेजारी ठेवून बघायचा त्या प्राध्यापकाला नाद होता आणि तो तिलाही लागला होता. बाबांनी एकदा तिला विचारलं की, जगात इतक्या भाषा असताना ह्याच दोन का. ती हिंदीत म्हणाली, "दोनों बच गयीं, इसलिए." चेकला जर्मन गिळायला निघाली होती, ओडियाला बंगाली. शाळा, कचेऱ्या, शिकलेल्या लोकांची घरं, सगळं शेजारच्या मोठ्या भाषेकडे गेलं होतं, आणि तरी त्या दोघी स्वयंपाकघरांतून तगून राहिल्या. बाबा मान डोलवत होते. आई दाराशी उभी होती. ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात नाई वाचला." आत्या उठून भाकरीचा उंडा मळायला गेली.

त्या हिवाळ्यात दोघी रोज स्वयंपाकघरात बसायच्या. समोर तुरीच्या शेंगांचा ढीग असायचा आणि हात चालू असायचे. एक जण शब्द टाकायची, दुसरी आपला शब्द त्याच्याशेजारी ठेवायची. आई म्हणे 'दिन', ती म्हणे 'देन'. आई 'महु', ती 'मेत', मध. आई 'आखि', ती 'ओको'. 'नूआ' आणि 'नोवी' म्हणजे नवा, 'मूषा' आणि 'मिश' म्हणजे उंदीर. 'दे' म्हटलं की ती 'देय' म्हणायची आणि दोघी एकमेकींपुढे हात पसरून हसायच्या. कधी काहीच जुळायचं नाही. पाण्याला आई पाणि म्हणे, ती वोदा. मग वसंताबाई संस्कृतातला उदक कुठून तरी काढून आणायची आणि मीठ-मिरची लावून दोघींचं नातं जोडून द्यायची. होकाराला तिच्याकडे 'आनो' म्हणतात. आत्याला ते कळायचं नाही. वसंताबाई 'आनो, आनो' म्हणाली की आत्या वैतागून विचारायची, "काय आनू बाप्पा? काय पायजेन तिले?"

आईच्या 'बाबा आली'चा उलगडाही तेव्हाच झाला. ओडियात क्रियापद बाई की पुरुष हे विचारतच नाही, असं वसंताबाईनं बाबांना समजावलं. तो गेला, ती गेली, दोघांनाही 'से गला'. चेक मात्र मराठीसारखी, पुरुषानं दिलं तर 'दाल', बाईनं दिलं तर 'दाला'. "तुम्ही इतकी वर्षं हिला हसता," ती बाबांना म्हणाली, "पर ये ग़लती नहीं करती, ये ओडिया बोलती है." बाबांनी चष्मा काढून पुसला. वऱ्हाडीत बायासुद्धा 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात हे तिनं आत्याच्या बोलण्यातून टिपलं होतं, आणि त्याचा तिला इतका आनंद झाला की आत्याला ती मुद्दाम बोलतं करायची. आत्या म्हणायची, "मी काऊन सांगू? मी नाई सांगत," आणि मग तासभर सांगायची.

एकाच गोष्टीवर दोघींचं कधी जमलं नाही. ओडिया माणूस शब्द व्यंजनावर सोडत नाही. आपण घर् म्हणून थांबतो, आई घरअ म्हणायची, शेवटच्या अक्षरातला स्वर पुरता उच्चारायची. आणि चेक शब्दांतून कधी कधी स्वरच गायब. बोटाला प्र्स्त. गळ्याला क्र्क. लांडग्याला व्ल्क. आई हे शब्द म्हणायला जायची आणि प्रस्ता, कुरुका, वलका व्हायचं. वसंताबाई डोळे पुसत हसायची. आई म्हणायची, "शब्दाले असा मधीच तोडून टाकते काय? त्याले पाय ठेवाले जागा तर पाहिजे." तरी ती सोडायची नाही. दुपारी पखाळ खाताना माझ्यासमोर बसून प्र्स्त, प्र्स्त करत राहायची. पखाळ आता दोघी खायच्या.

हे लिहिताना मला वाटतं, तो एक हिवाळा सोडला तर मी माझ्या आईला पाहिलंच नाही. बाकी सगळी वर्षं मी तिच्यासोबत राहिले, एवढंच.

मे महिन्यात कॉलेजला सुट्ट्या लागल्या. वर्ध्याचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. वसंताबाईला सगळ्यांनी सांगितलं होतं की एवढे दिवस दिल्लीला नाहीतर कुठे डोंगरात जा. ती गेली नाही. एका सकाळी ती गच्चीच्या जिन्यावरून खाली आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली आणि कुशीवर कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाबांनी ऑटो आणला, आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात, उजवा पाय गेला. तीन-चार दिवसांनी ती शुद्धीवर आली आणि बोलायला लागली तेव्हा तिची हिंदी गेली होती. इंग्रजी गेली होती, ओडिया गेली होती. डॉक्टर चांगले होते. त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की असं होतं कधी कधी, मागून शिकलेलं आधी जातं. हिची घरची भाषा बोलणारं कोणी असेल तर बोलवा. बाबा तार ऑफिसात गेले. दिल्लीच्या वकिलातीतून निरोप आला की तिचा भाऊ निघतोय, पण कागदपत्रांना वेळ लागेल, आणि दुसरं कोणी लगेच येण्यासारखं नाही.

मग आई जायला लागली. जी बाई एकटी बाजारात जायची नाही, ती रोज सकाळी डबा घेऊन ऑटोत बसायची. मी सोबत असायचे. पहिल्या दिवशी गेलो तर भर उन्हाळ्यात वसंताबाईच्या गळ्यापर्यंत चादर ओढलेली. ती सारखी 'वोदा, वोदा' म्हणत होती आणि नर्सबाईला वाटत होतं, ओढा म्हणतेय. बिचारी पुन्हा पुन्हा चादर वर ओढत होती. आईनं चादर दूर केली आणि चमच्यानं पाणी पाजलं. वसंताबाईनं ते प्यायलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "द्येकुयी." हा शब्द आईला येत होता. पखाळीचा पहिला घास खाल्ला तेव्हा वसंताबाईनं तो शिकवला होता. धन्यवाद.

आईकडे चेकचे जेमतेम मूठभर शब्द. आनो, ने म्हणजे नाही, वोदा, देय, देन, मेत, दूम म्हणजे घर, हाताचं बोट, गळा, डोळा, उंदीर, लांडगा. तेवढ्यावर तिनं एका माणसाचा संसार चालवला. 'ओको?' म्हणून डोळ्यात औषध घालायची. 'देन,' म्हणून खिडकी उघडायची. वसंताबाई मोठमोठी वाक्यं बोलायची आणि आई त्यातला ओळखीचा एखादा शब्द पकडून धरायची. परत येताना ऑटोत मला म्हणायची, "आज दूम बोलला ती. घराची आठवण येते तिले." बाकीच्या शब्दांचं काय, ते ती बोलायची नाही.

मग ती सकाळ. आम्ही गेलो तेव्हा वसंताबाई वाटच बघत होती. तिनं डाव्या हातानं आईचं मनगट धरलं आणि एक वाक्य म्हणाली. लांब नव्हतं. म्हणून झाल्यावर ती आईच्या तोंडाकडे बघत थांबली. आईला त्यात 'देय' ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "आनो, आनो." वसंताबाईनं मान हलवली. "ने." आणि तेच वाक्य पुन्हा. आईनं पाणी पुढे केलं. ने. उशी सरकवली. ने. तिची पर्स उघडून एक-एक वस्तू दाखवली, कंगवा, चष्मा, रुमाल, आईवडिलांचा फोटो. ने, ने. आई मला म्हणाली, "पळ, मध आण." मी समोरच्या दुकानातून मधाची बाटली घेऊन धावत आले. आईनं बोटानं तिच्या ओठांना मध लावला. वसंताबाईनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर वाहत होतं, पण आवाजात रडं नव्हतं. लहान मुलाला समजावतात तसं ती तुकडे करून, सावकाश, तेच वाक्य म्हणत राहिली. आई प्रत्येक तुकडा तिच्यामागून म्हणायची. भेटायची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत हे चाललं. शेवटी वसंताबाईनं आईचं मनगट सोडलं, दोन वेळा थोपटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिच्या भावाची तार आली की थांबू नका. बाबांनीच अग्नी दिला. अस्थी एका तांब्यात बांधून पेरूच्या फांदीला लटकवल्या. आणि आईनं ते वाक्य धरून ठेवलं. भात वैरताना, अंघोळीला, झाडताना ती ते पुटपुटायची. जेवतानासुद्धा दोन घासांच्या मध्ये एकदा म्हणून घ्यायची. शेजारच्या बाया समाचाराला यायच्या तर आत्या त्यांना फाटकातच अडवायची. "तिच्यासंगं बोलू नोका आता. तिच्या तोंडात हाय ते. बोलली का सांडन." घरात मोठ्यानं रेडिओ लावलेला आत्याला चालत नसे. जिनं आईच्या तोंडातून एक भाषा काढून घेतली होती, तीच आता दाराशी बसून दुसरीचं एक वाक्य राखत होती. मला आत्यावर राग धरायचा होता, पण त्या दिवसांमुळे तो नीट धरता आला नाही.

भाऊ आला. मिलान त्याचं नाव. "मिलन? हे तं आपल्यातलंच नाव झालं," आत्या म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढे पाणी ठेवलं. साठीचा, बारीक, उन्हानं लाल झालेला माणूस. थोडं इंग्रजी बोलायचा, मी मध्ये बसून सांगायचे. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले की तुमच्या बहिणीनं शेवटी एक वाक्य म्हटलं होतं, ते आईनं पाठ केलंय. तो खुर्चीत पुढे सरकला. आईनं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि म्हणायला लागली.

तिनं एकही अक्षर गाळलं नसेल, ह्याची मला आजही खात्री आहे. पण तिनं ते इतके दिवस ओडिया जिभेवर सांभाळलं होतं. प्रत्येक तोडलेल्या शब्दाला तिनं पाय ठेवायला जागा दिली होती. मिटलेल्या व्यंजनांत अ शिरला होता, कुठे उ. मिलान ऐकत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं पुन्हा म्हणायची विनंती केली, आईनं पुन्हा म्हटलं. तो ओठ हलवत तिच्यामागून म्हणत गेला, वेगवेगळ्या प्रकारे तोडून बघितलं, मग थांबला. "देय," तो म्हणाला. "हो, देय. द्या." त्यापुढे काही नाही. आईनं तिसऱ्यांदा म्हटलं, या वेळी फार हळू, आणि हळू म्हटल्यामुळे ते आणखीच ओडिया झालं.

मिलाननं आईकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला आणि तो मला इंग्रजीत म्हणाला, "आता कळलं. ती तुझ्या आईचे आभार मानत होती. सगळ्यांचे."

मी आईला सांगितलं. आत्यानं "बाई गं" म्हणून डोळ्याला पदर लावला. बाबांनी सुस्कारा सोडला. आई मात्र मिलानकडे बघत राहिली.

"धन्यवादाचा शब्द मले येते," ती म्हणाली. "द्येकुयी. तो नव्हता त्याच्यात."

हे मी मिलानला सांगायची गरज पडली नाही. तो शब्द त्यानं ओळखला होता. त्यानं मान खाली घातली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. ते कोणालाच कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो अस्थी घेऊन गेला.

माझा मुलगा म्हणतो, अजून तुला आठवत असेल तर फोनमध्ये बोल, तो लगेच भाषांतर करून देतो. आईकडून ऐकून ऐकून ते वाक्य माझ्याही तोंडात बसलंय. गेल्या वर्षी मी बोलून बघितलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा फोननं ते बंगाली ठरवलं आणि तांदळाबद्दल काहीतरी लिहिलं. मी फोन पालथा घालून ठेवला.

वसंताबाई गेली त्याच वर्षी दिवाळीनंतर संबलपूरहून मामा आला होता. आईचा धाकटा भाऊ, तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. आईनं कितीतरी वर्षं त्याची वाट पाहिली होती. तो फाटकातूनच 'नानी, नानी', म्हणजे ताई, अशा हाका मारत आला आणि भरभरून बोलायला लागला, घरचं, गावचं, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. आईनं त्याचे पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, ताट वाढलं. त्याचं सगळं तिला समजत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तो बोलायचा थांबला की ती म्हणायची, "जेवून घे भाऊ, वरण थंड होऊन राह्यलं." त्यानं ओडियात विचारायचं, तिनं वऱ्हाडीत सांगायचं. दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात माझ्याजवळ आला आणि हिंदीत विचारलं, "दीदी हमसे नाराज़ है क्या?" मी नाही म्हणाले. "फिर हमसे बात क्यों नहीं करती?" आत कुकरची शिट्टी झाली आणि आईनं गॅस बारीक केला.

तो ठरल्याच्या आधीच निघाला. आईनं त्याच्यासोबत गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा आणि दोन किलो तुरीची डाळ बांधून दिली. ऑटोत बसल्यावर त्यानं तिचे दोन्ही हात धरून काहीतरी विचारलं, अगदी हळू. आईनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. ऑटो कोपऱ्यावरून वळला आणि ती फाटकाची कडी लावून घरात आली. मिलानसमोर ते वाक्य ओडिया होऊन फसलं, त्या दिवसापासून ओडियाचा एकही शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही. मी तिच्या उशाशी बसून असायचे, ती काही पुटपुटली की कान तोंडाजवळ न्यायचे. ती मराठीत पाणी मागायची, आणि मला ते कळायचं.